पाणी रानाचे की माणसांचे?

परतीचा पाऊस सुरू झाला की घरोघरी रब्बीचा हिशेब मांडला जातो. ज्वारी किती, हरभरा किती, आणि विहिरीला पाणी बरे दिसले तर थोडा ऊस लावावा का? हा हिशेब ज्याचा तो आपल्या ओट्यावर बसून करतो. पण आपल्या विहिरीत दिसणारे पाणी आणि शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी बहुधा एकच असते. शेताला बांध आहे, खालच्या कातळाला नाही. मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून पाणी इकडून तिकडे जाते, सातबारा पाहून थांबत नाही.

म्हणून तर एकाने दोनशे फुटांचे बोअर घेतले की दुसरा तीनशे फूट जातो. पहिल्याचे आटते. मग तो कर्ज काढून चारशे फूट जातो. या चढाओढीत गावचा हापसा कधी कोरडा पडला ते कुणाच्या लक्षातही येत नाही. घागर घेऊन लांब जाणाऱ्या बायकांच्या मात्र येते.

१९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्याची दशा पाहून पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. १९७४ च्या सुमारास त्यांनी नायगावात देवस्थानची ४० एकर पडीक जमीन कसायला घेतली, पाणी अडवले आणि पुढे ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिचे नियम आजही वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या आकाराने नाही, घरातल्या माणसांवर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यायचे नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः भरायचा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

शेवटच्या नियमाशी आलात की तुमच्यातले काहीजण कपाळाला आठ्या घालतील, हे मला ठाऊक आहे. ‘विहीर माझी, कर्ज माझे, आणि वाटा ज्याला गुंठाभर रान नाही त्याला?’ प्रश्न रास्त आहे. पण दुष्काळी कामांवर पाझर तलावांची माती कुणी वाहिली ते आठवून पाहा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पाट्या उचलणाऱ्यांत भूमिहीन कितीतरी होते. तलाव भरले, खालच्या विहिरींना पाझर फुटला, आणि पाणी मिळाले ते ज्याचे रान खाली होते त्याला. पाऊस तर साऱ्या शिवारावर पडतो. मग ते पाणी एकट्याचे कसे?

सगळ्या पाणी पंचायती टिकल्या असे नाही. विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती, आपसांतले तंटे यांनी भलीभली कामे मोडतात. तरी ही वाट बंद झालेली नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस बेताचाच. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही असे ठरवले, आणि ऊस-केळीही वर्ज्य केली. पाऊस किती झाला ते मोजून गाव एकत्र बसते. आधी पिण्याचे, मग जनावरांचे, आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी पडलेल्या साली पेराही कमी.

कायदाही काही सांगतो. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेऊ नये, असा निर्बंध राज्याने १९९३ साली घातला. पुढे २००९ चा व्यापक भूजल कायदा आला. पण रात्री बोअरची गाडी येते, सकाळपर्यंत भोक पडते, आणि तक्रार करणार कोण? भाऊबंदच असतो.

म्हणून हा प्रश्न चावडीवरच सुटेल. बऱ्याच गावांत २ ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होते. पेरणीच्या आधी तिथे एवढे विचारा : यंदा आपल्या गावात पाऊस किती मिलिमीटर झाला, आणि हापशाला मे महिन्यापर्यंत पुरायचे तर उसाला किती सोडता येईल? आणि भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे हापशाचा विषय तुम्हीच काढा. तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि सही करण्याआधी लिहिलेले मोठ्याने वाचून घ्या.