ओव्या आमच्या, भिंती परक्या?

फेब्रुवारीची 27 तारीख आली की आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना फादर स्टीफन्स हटकून आठवतो. 1579 साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या रचल्या. त्या व्यासपीठावरून म्हटल्या की आमचा भाषाभिमान तृप्त होतो. मात्र ज्या वास्तूंत असल्या ओव्या ऐकल्या गेल्या, त्यांचा विषय निघताच तेच अभिमानी तोंड फिरवतात. ‘ती परकीयांची बांधकामे’, हे वाक्य मी चर्चासत्रांत इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचा प्रतिवाद केल्यावाचून राहवत नाही.

निमित्त घडले एका सहलीचे. आमचे सिंदी (रेल्वे) समुद्रापासून इतके दूर की इथे बंदराची योजना आली तीही ‘ड्राय पोर्ट’ची! इथल्या एम.ए.च्या मुलांना घेऊन काही वर्षांपूर्वी वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. सोबतच्या एका सहकाऱ्यांनी चिमाजी अप्पांचा 1739 चा विजय रसाळपणे सांगितला. फ्रान्सिस्कनांच्या चर्चपाशी येताच मात्र आत पाऊल न टाकता ‘हे त्यांचे’ म्हणून मुलांना पुढे नेले. एक मुलगी मागे रेंगाळली. पायांखाली पोर्तुगीज लेखांच्या थडग्यांची फरसबंदी, डोक्यावर उघडे आकाश. तिने विचारले, “सर, ख्रिस्तपुराण असल्याच जागी वाचत होते काय?”

वीस वर्षे मी ख्रिस्तपुराण शिकवतो. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

स्टीफन्सची चर्चे वसईची नव्हेत, गोव्यातल्या सासष्टीची. पण प्रश्न अचूक होता. धर्मांतरितांना पुराणश्रवणाची ओढ होती, ती भागवण्यासाठी हा ग्रंथ रचला गेला आणि चर्चमधून वाचला गेला. त्याची ओवी कानासाठी आहे. ती दगडी भिंतींवर आदळून श्रोत्यांपर्यंत कशी पोचत असेल, याचा विचार न करता आम्ही फक्त छंद आणि शब्दकळेची चर्चा करतो. दुसरी गोष्ट घरांची. 1616, 1649 आणि 1654 या तिन्ही मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरी ग्रंथ वाचला, कारण ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने नकलून घेतलेल्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. असल्याच हस्तलिखितांवरून मंगळूरला 1907 साली जोसेफ साल्ढाणा यांची रोमन लिपीतली आवृत्ती निघाली. देवनागरीत तो शांताराम बंडेलूंनी आणला, 1956 मध्ये. म्हणजे आमच्या अभ्यासक्रमातला हा ग्रंथ विद्यापीठांनी राखलेला नाही, कौलारू घरांनी राखला आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ही चर्चे देवळे पाडून उभी राहिली. खरे आहे, आणि ते लपवणारा लबाड ठरेल. 1567 मध्ये सासष्टीतली देवळे उद्ध्वस्त करणारा अधिकारी रायतूरचा, म्हणजे राशोलचा किल्लेदार होता. आणि 49 वर्षांनी ख्रिस्तपुराण छापले गेले तेही राशोललाच. पण मग नियम एकच लावा. पापामुळे भिंती त्याज्य ठरत असतील, तर त्याच सत्तेच्या आश्रयाने छापलेल्या ओव्याही 27 तारखेला म्हणू नका. आणि वसईहून आणलेल्या घंटांचे काय करणार? नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर मराठीच्या वाक्प्रचारात जाऊन बसली. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मारिया आहे, आणि ती देवळाच्या आवारात टांगलेली आहे. पेशवाईतल्या माणसांना जे परके वाटले नाही, ते आम्हां पदव्युत्तरांना वाटते!

या परकेपणाची किंमत घरे मोजतात. वसईच्या ख्रिस्ती वाड्यांत अंगणात क्रूस असलेली कौलारू घरे आहेत, गिरगावच्या खोताच्या वाडीत लाकडी व्हरांड्यांची. तिथे एके काळी पासष्ट घरे होती असे सांगतात. आज निम्मीही उरलेली नाहीत. पणजीच्या फोंतेन्यात उलट संकट: घरे शाबूत, पण छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी रीघ की रहिवाशांना दारावर मनाईच्या पाट्या लावाव्या लागल्या. एकीकडे वारसा म्हणजे अडगळ, दुसरीकडे वारसा म्हणजे पार्श्वभूमी. वसईच्या किल्ल्यातही त्या दिवशी एक नवरदेव तलवार घेऊन चर्चच्या कमानीत उभा होताच. (छायाचित्रकाराने आम्हांलाच बाजूला व्हायला सांगितले.)

आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामची बापूकुटी आहे. माती आणि कवेलूंचे ते घर 1936 नंतरचे, तरी ते टिकले. कारण तिथे झाडलोट होते, भिंती सारवल्या जातात, प्रार्थना होते. वास्तू फलकाने टिकत नाही, हे विदर्भातल्या माणसाला निराळे सांगायला नको. वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना 2020 च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा काहींचा विरोध त्यांच्या झग्याला होता, साहित्याला नव्हे. ते 2024 मध्ये गेले. श्रद्धांजलीच्या भाषणांत पुन्हा स्टीफन्सच्या त्याच ओव्या.

आमच्या प्रश्नपत्रिकेत वर्षानुवर्षे एक टीप येते: ‘ख्रिस्तपुराणातील मराठीची थोरवी’, गुण पाच. यंदा मी ती काढून ‘ख्रिस्तपुराणाचा श्रोता आणि श्रवणस्थळ’ अशी टीप घातली. हे अभ्यासक्रमात बसते का, अशी विचारणा आली आहे. उत्तर म्हणून मी त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा लिहून पाठवला.