हातोडी कुठाय?

बसला मोठा अपघात झाला की आपल्याकडे पुढचे चार दिवस एकाच प्रश्नाचं चर्वितचर्वण चालतं. अपघात झाला कसा? टायर फुटला की चालकाला डुलकी लागली? रस्ता फारच सरळ म्हणून संमोहन झालं का? तो प्यायला होता का? मग टीव्हीवर तज्ज्ञ येतात, व्हॉट्सॅपवर टायरमध्ये नायट्रोजन भरण्याचे फायदे फिरतात, आणि पाचव्या दिवशी क्रिकेटची मॅच असते.

या गडबडीत दुसरा प्रश्न राहूनच जातो. अपघात कसा झाला ते ठीक, पण माणसं मेली कशाने?

वाटतो तेवढा हा प्रश्न पहिल्यासारखा नाही. आमच्या धंद्यात सर्व्हर पडणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. सर्व्हर कधी ना कधी पडणारच, हे धरूनच चालतात. डेटा गेला तर मात्र जाब विचारला जातो तो बॅकअप न ठेवणाऱ्याला. (निदान विचारला जायला हवा. प्रत्यक्षात बळी एखाद्या ज्युनियरचाच जातो, पण ते असो.) बसच्या बाबतीत आपण वर्षानुवर्षं फक्त सर्व्हर का पडला याचीच चौकशी करतोय.

१ जुलै २०२३ ची रात्र आठवा. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी स्लीपर बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दीडच्या सुमारास आदळून उलटली आणि पेटली. गाडीत ३३ माणसं होती, त्यातली २५ गेली. नागपूर, वर्धा, यवतमाळकडची, पुण्यात शिकणारी आणि नोकरी करणारी मुलं त्यात होती, म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच. गाडी डाव्या कुशीवर पडली होती. वाचलेल्यांपैकी काही जण काचा फोडून बाहेर आले.

आता जरा भूमिती करू. बस डाव्या कुशीवर पडली. आपल्याकडे चढायचं दार डावीकडे, म्हणजे ते रस्त्याखाली गेलं. आपत्कालीन दार साधारणपणे उजव्या अंगाला असतं, म्हणजे आता ते छताच्या जागी, आभाळाकडे तोंड करून. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास, तेव्हा ते दार आणि उजव्या खिडक्या डोक्यावर अडीच मीटर उंचीवर गेल्या. झोपेतून उठलेल्या माणसाने अंधारात, धुरात, कुणाच्या तरी अंगावर पाय देऊन तिथवर चढायचं आणि ते जड दार वर ढकलायचं. समोरची काच लॅमिनेटेड, ती तडकते पण सुटी होत नाही. पुष्कळ स्लीपर गाड्यांत मागच्या काचेला लागून शेवटचे बर्थ असतात. राहता राहिलं छतावरचं झाकण. गाडी आडवी झाली की ते भिंतीत येतं, तेही बऱ्यापैकी हाताच्या उंचीवर. म्हणजे उलटलेल्या बसमधली सगळ्यात सोयीची वाट छतात असते! आता सांगा, आजवर इतक्या वेळा स्लीपरने गेलात, तुमच्या गाडीच्या छताला झाकण होतं का, आणि कुठल्या रांगेवर होतं?

बरं, ही काही एकटीदुकटी घटना नाही. ३० ऑक्टोबर २०१३ ला बंगलोर-हैदराबाद बस महबूबनगर जिल्ह्यात पालेमजवळ पेटली, ४५ जण गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरला, बंगलोरहून मुंबईला येणारी बस हावेरीजवळ जळली, ७ जण गेले. ८ ऑक्टोबर २०२२ ला यवतमाळहून मुंबईला निघालेली बस नाशिकमध्ये ट्रकला धडकून पेटली, १२ गेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेल्या बसमध्ये वीसहून जास्त माणसं जळाली, आणि पुरते दहा दिवसही होतात न होतात तोच २४ ऑक्टोबरला कर्नूलजवळ हैदराबाद-बंगलोर बसखाली मोटरसायकल अडकली, घासटत गेली, ठिणग्या उडाल्या आणि १९ प्रवासी गेले. एके ठिकाणी मोरी, एके ठिकाणी ट्रक, एके ठिकाणी मोटरसायकल. बाहेरचं कारण दर वेळी वेगळं. आत मात्र तेच : एक चिंचोळी वाट, दोन्ही बाजूंना फोम, रेक्झिन आणि पडदे, आणि न उघडणारं दार. जैसलमेर आणि कर्नूल या दोन्ही ठिकाणी दार अडकल्याच्या बातम्या होत्या. वायरिंग जळालं की विजेवर किंवा हवेच्या दाबावर चालणारं दार गप्प बसणार, यात आश्चर्य ते काय? ज्या प्रसंगासाठी दार उघडायला हवं, नेमक्या त्याच प्रसंगी बंद पडणारी यंत्रणा आपण त्याला जोडतो. हाताने उघडायचा खटका असतो म्हणे. असतोच. कुठे असतो ते कुणाला सांगितलेलं नसतं, एवढंच.

आता विमानाकडे बघा. नव्या प्रकारच्या विमानाला प्रमाणपत्र हवं असेल तर भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं. तेही अंधारात आणि अर्धीच दारं वापरून. कुठली अर्धी, ते आतल्या लोकांना आधी सांगत नाहीत. २००६ मध्ये हॅम्बर्गला एअरबसच्या ए-३८० ची अशी चाचणी झाली तेव्हा ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. दोन मजली विमान! आपली स्लीपर बसही एका अर्थी दोन मजलीच, आणि माणसं तीस-चाळीस. ती कितीत रिकामी होते? मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कुणीही, अगदी गाड्या चालवणाऱ्यांनीही, कधी वेळ लावून पाहिलेली नाही.

नियम नाहीत असं मुळीच नाही. बसच्या सांगाड्यासाठी एआयएस-०५२ आहे, स्लीपरसाठी वेगळा एआयएस-११९ आहे. इंजिनाच्या कप्प्यातली आग ओळखून विझवणारी यंत्रणा आहे. लांब पल्ल्याच्या नव्या बसमध्ये प्रवासी बसतात तिथेही आगीची सूचना आणि बचावाची यंत्रणा हवी, असं केंद्राने २०२२ मध्ये काढलं. कागद भरपूर आहेत हो. फक्त हे सगळं तपासलं जातं ते गाडी पासिंगला उभी असताना. दिवसा, रिकामी, चार चाकांवर सरळ आणि साफसूफ करून आणलेली. आमच्याकडे एखाद्याने फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर चालवून पाहिलेला कोड प्रोडक्शनला टाकला तर त्याची जाहीर टिंगल होते. इथे तेच चाललंय आणि त्याला फिटनेस सर्टिफिकेट म्हणतात.

पासिंगनंतर काय होतं, ते मी मागच्या महिन्यात पाहिलं. माझ्या बर्थशेजारी हातोडीचं लाल प्लास्टिकचं घर होतं, हातोडी नव्हती. पुढचं घर पाहिलं, तेही रिकामं. क्लीनरला विचारलं, ‘दादा, हातोडी कुठाय?’

‘पुढं केबिनमध्ये हाय साहेब, सगळ्या तिथंच ठेवल्यात. लोक घेऊन जातात.’

‘आणि लागली तर?’

‘लागली की देतो ना मी.’

त्याने हे इतक्या मनापासून सांगितलं की मला त्याच्यावर रागावताही येईना. त्याला कुणी काही शिकवलेलंच नाही. आणि आपत्कालीन दारासमोर कुणाच्या तरी कुरिअरची खोकी दोरीने बांधून ठेवली होती, तीही मालकाच्या सांगण्यावरूनच असणार. आपण चढतो, ब्लँकेट स्वच्छ आहे का बघतो, चार्जिंगचा पॉइंट चालतो का बघतो, चालत नसेल तर लगेच एक तारा कमी देतो.

पॅनिक बटणाचीही तीच गत. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जागा कळवणारं यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक आहे. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये जे घडलं त्यानंतरच्या संतापातून हे सगळं आलं. कल्पना उत्तम. पण बटण हे कुठल्याही यंत्रणेचं सगळ्यात स्वस्त टोक असतं. खरा खर्च दुसऱ्या टोकाला असतो : रात्री तीन वाजता तो संदेश बघणारा माणूस, त्याने कुणाला फोन करायचा याचा ठरलेला क्रम, आणि निघायला तयार असलेली गाडी. तुमच्या नेहमीच्या बसचं बटण दाबलं तर कुठे वाजतं, हे बसमधल्या कुणाला तरी विचारून बघा.

आग आणि अपघात सोडून सुरक्षेचा दुसरा अर्थ घेतला तरी रोग तोच दिसतो. २५ जानेवारी २०१२ ला स्वारगेटच्या आगारातून एसटीच्याच एका चालकाने उभी बस काढली आणि पुण्याच्या रस्त्यांवर ९ जणांना चिरडलं. त्याच स्वारगेटला २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे, गावच्या गाडीची वाट पाहणाऱ्या एका तरुणीला ‘तुमची गाडी तिकडे लागलीय’ असं सांगून अंधारात उभ्या शिवशाहीत नेलं गेलं आणि तिच्यावर बलात्कार झाला. मधे तेरा वर्षं. कामाची नसलेली बस कुणालाही उघडता येऊ नये, ही साधी गोष्ट दोन्ही वेळा नव्हती. त्यावर उपाय काय झाला, तर सुरक्षारक्षक बदलले! अहो, पण ‘गाडी तिकडे लागलीय’ हे त्या मुलीला खरं वाटू शकलं, कारण आपल्या स्थानकांवर गाडी कुठे लागणार हे नेहमीच कुणातरी माणसाला विचारून कळतं. प्रत्येक फलाटावर भरवशाचा फलक असता, तर त्या थापेला खोटं ठरवणारं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर असतं. गाडीची वेळ आणि फलाट दाखवणारी पाटी ही सोय म्हणून मोजतात. मी ती सुरक्षेच्या खर्चात मोजतो.

कुर्ल्याचंही थोडक्यात सांगतो. ९ डिसेंबर २०२४ ला बेस्टची भाड्याची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. गिअरच्या गाडीवर आयुष्य गेलेल्या चालकाला या ऑटोमॅटिक गाडीचा पुरेसा सराव दिलेला नव्हता, हा मुद्दा तपासात पुढे आला. गाडी नवी घेतली, सराव घेतला नाही. सराव टेंडरमध्ये दिसत नाही ना.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे, ‘प्रवाशांनाच हे नको असतं रे. रात्री दहाला लोक झोपायला चढतात, त्यांना कोण सूचना देणार?’ हे साफ खोटं आहे. हेच लोक विमानात मुकाट्याने पट्टा कसा लावायचा ते बघतात. नावेत बसताना जाकीट घालतात. सिनेमा सुरू होण्याआधी तंबाखूची जाहिरात बघतात, तीही शंभराव्यांदा! बसमध्ये त्यांना कुणी विचारलेलंच नाही. दुसरं उत्तर खर्चाचं. हातोडीला साखळी लावणं, दारासमोरची खोकी हलवणं, झाकणाजवळ अंधारात चमकणारी पट्टी चिकटवणं, गाडी सुटताना क्लीनरने एक मिनिट उभं राहून तीन वाटा हाताने दाखवणं. यातल्या कशाला किती पैसे लागतात? शुक्रवारी रात्री नागपूरच्या तिकिटाचे भाव काय होतात ते आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा खर्चाचं मला सांगू नका.

मला सरकारकडून हवी आहे ती एकच गोष्ट. प्रत्येक मॉडेलची एक गाडी आडवी पाडा, आत माणसं झोपवा, दिवे घालवा, एक बाजू बंद धरा आणि घड्याळ लावा. आलेला आकडा तिकिटावर छापा. मग बघू, कुठला मालक दारासमोर खोकी ठेवतो ते.

तोवर शुक्रवारी चढाल तेव्हा ब्लँकेटच्या आधी वर बघा, झाकण कितव्या बर्थवर आहे ते मोजा. अंधारात हाताने चाचपत तिथवर जायचं तर किती खांब लागतील तेही मोजा. हातोडी जागेवर नसेल तर गाडी सुटायच्या आत मागा, आणि नाहीच दिली तर तारे देताना तेच लिहा, गाडीच्या नंबरासकट. बाजूची काच फोडायची असेल तर मधोमध मारू नका. ती कडक केलेली काच असते, मध्यावर दाद देत नाही. कोपऱ्याजवळ, कडेपासून चार बोटं आत, टोकाने मारा, म्हणजे भुगा होते.