तत्त्व आपलं, खिसा ड्रायव्हरचा

तर झालं असं. गणपतीत माझी भाची चार दिवस आमच्याकडे निफाडला आली होती. ती एका विमान कंपनीत हवाई सुंदरी आहे. (तिला हा शब्द आवडत नाही. ‘आत्या, केबिन क्रू म्हण’ असं बजावते, म्हणून यापुढे तसंच लिहिते.) विमानतळ आमच्या तालुक्यातही आहे, ओझरला, पण हिचं विमान जातं थेट अमेरिकेला. चौदा-पंधरा तासांचं उड्डाण, मग तिथल्या हॉटेलात एक-दोन रात्री विश्रांती आणि परत. विमानतळावरून न्यायला हॉटेलचीच गाडी येते. कंपनीने खोल्या ठरवतानाच गाडीही ठरवलेली असते, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नसतो. पण ड्रायव्हर सगळ्यांच्या बॅगा चढवतो, उतरवून हातात देतो, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे ज्याने त्याने एखाद-दोन डॉलर त्याच्या हातावर ठेवायचे असतात.

गोष्ट एवढीशी, पण तिच्या क्रूमध्ये त्यावरून दोन तट पडलेत. काही जण देतात. काही जण नेमकं त्याच क्षणी मोबाईल कानाला लावून चालू लागतात. जेवताना तिने विचारलं, ‘आत्या, तुझं काय मत?’ आणि आमच्या पंगतीतही दोन तट पडले!

माझा भाऊ, म्हणजे तिचे वडील, एकदम तावातावाने बोलायला लागले. त्यांचे मुद्दे तीन. एक, ही मुलं काही फिरायला आलेली पाहुणे मंडळी नाहीत, नोकरीवर आहेत. कंपनीच्या बसने कारखान्यात जाणारा कामगार रोज ड्रायव्हरला टीप देतो का? दोन, ड्रायव्हरला हॉटेल पगार देतं. तीन, टीप ही पद्धतच वाईट. मालकाने द्यायचं ते गिऱ्हाईकाने का द्यावं? आपल्याकडे तर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हॉटेलांना सांगितलं, की बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावायचा नाही, आणि २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मग ही मुलं अमेरिकेत जाऊन का वाकतात?

आता गंमत अशी, की भावाचा तिसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. किंबहुना त्याच्यापेक्षा मीच जास्त कडक आहे म्हणा ना. काम एकाचं आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, ही व्यवस्था माणसाला लाचार करते. हे आम्हा महाराष्ट्रातल्या लोकांना अमेरिकेने शिकवायला नको. महार वतन आठवा. गावकीची नि सरकारची कामं रात्रंदिवस करायची, आणि मोबदला काय? थोडीशी वतनाची जमीन आणि खळ्यावर गावकऱ्यांच्या मनाला येईल तेवढं बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात जे विधेयक मांडलं, त्यात एक मागणी नेमकी हीच होती, की बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करा आणि ती रक्कम सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करावी. म्हणजे माणसाला दारोदार उभं राहायला नको. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. वतनं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९५८ च्या कायद्याने.

अमेरिकेतली टीपही काही फार उदात्त घरातून आलेली नाही. तिथल्या यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आगगाडीच्या झोपायच्या डब्यांत कृष्णवर्णीय नोकर ठेवले, त्यात बरेच जण पूर्वी गुलाम असलेले. पगार अपुरा, बाकीचं प्रवाशांच्या टिपेवर भागवा! १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली आणि कंपनीला करार करायला लावायला १९३७ साल उजाडलं. तरी टीप गेली नाहीच, उलट कायद्यात जाऊन बसली. तिथल्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. पण ज्याला महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त टीप मिळते, त्याला मालकाने पदरचे फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात. उरलेले टिपेतून आले असं धरायचं, कमी पडले तर मालकाने भर घालायची. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून हललेला नाही! कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन अशा काही राज्यांनी मालकांना ही सवलत ठेवलेली नाही, आणि प्रत्येक हॉटेलचा ड्रायव्हर या कलमात बसतो असंही नाही. पण जो बसतो, त्याच्या बाबतीत ‘त्याला हॉटेल पगार देतं’ हा भावाचा दुसरा मुद्दा अर्धाच खरा. तुम्ही देणार हे धरूनच हॉटेलने त्याला कमी दिलेलं असतं.

याच्या उलट आपला एसटीचा ड्रायव्हर बघा. १९४८ पासून एसटी धावतेय. त्याला कधी कुणी टीप दिली आहे? आणि त्याने कधी मागितली? पगार कमी पडला तेव्हा तो प्रवाशापुढे उभा राहिला नाही, संपावर गेला. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेला तो संप आपण सगळ्यांनी सोसला. खेड्यापाड्यातून शाळा-कॉलेजला येणाऱ्या पोरांचे फार हाल झाले. तो लांबला, चिघळला, सगळं खरं. पण भांडण योग्य दारात होतं.

म्हणजे मी भावाच्या बाजूची झाले का? नाही. इथेच तर आमचं वाजलं.

मला स्वतःची एक गोष्ट सांगायला हवी, सांगताना अजूनही लाज वाटते. काही वर्षांपूर्वी मुलाला आणायला मुंबईच्या विमानतळावर गेलो होतो. इथली एक भाड्याची गाडी ठरवली होती. ड्रायव्हर निघाला माझाच जुना विद्यार्थी. कसारा घाट उतरून रात्री अकराला पोचलो, तर विमान चार तास उशिरा! तो बिचारा गाडीतच बसून राहिला. मग सामान चढवलं, सगळ्यांना सांभाळून पहाटे घरी आणून सोडलं. मालकाशी ठरलेले पैसे मी रुपयान् रुपया चुकते केले. मालकाने थांबण्याचे वेगळे पैसे लावले, तेही दिले. ह्यांनी खिशात हात घातला तर मीच त्यांना थांबवलं. म्हटलं, हिशेब मालकाशी झालाय, उगीच बक्षिशी देऊन मुलांना सवय लावायची नाही. तो ‘येतो बाई’ म्हणून नमस्कार करून गेला.

पुढे कधीतरी त्याच्या आईकडून कळलं, की त्याला एका फेरीचे ठरलेले पैसे मिळत. थांबण्याचे जे आम्ही दिले, त्यातला रुपयाही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. माझं तत्त्व अगदी बरोबर होतं हो. फक्त ते पाळण्याचा खर्च माझा नव्हता, त्याचा होता.

तेव्हापासून माझं सरळ गणित आहे. टीप वाईट म्हणून तुम्ही ती देत नाही, तर त्या न दिलेल्या डॉलरने हॉटेलमालकाचं काही बिघडत नाही. विमान कंपनीला तर पत्ताही लागत नाही. त्या रात्री एकाच माणसाच्या घरी कमी पैसे जातात, आणि पद्धत बदलणं काही त्या माणसाच्या हातात नसतं. उपास करायचा तर स्वतः करावा, दुसऱ्याचं ताट ओढून नव्हे.

आणि भावाचा पहिला मुद्दा, की क्रू नोकरीवर असतो? अहो, म्हणून तर जास्त! बॅग उचलणं हे काम आहे, हे हिच्याइतकं कुणाला कळणार? विमानात दिवसभर दुसऱ्यांच्या बॅगा वरच्या कप्प्यात सरकवणारी ही मुलगी. बाहेरच्या मुक्कामासाठी कंपनी तिला भत्ता देते, ड्रायव्हरला कोण देतं? मात्र नवीन लागलेल्या, कर्ज काढून शिकलेल्या पोरीला एक डॉलरही जड जात असेल, तर तिने आपली बॅग आपण उचलावी, थँक्यू म्हणावं आणि मान वर करून जावं. मोबाईल कानाला लावू नये.

पण नुसतं देऊन थांबलात तर भाऊ म्हणतो तेच होणार, मालक निवांत. म्हणून दुसरी अर्धी गोष्टही करायला हवी. आपल्याकडे बाहेरगावची गाडी ठरवली की बिलात ‘ड्रायव्हर भत्ता’ वेगळा लिहितात. (तो ड्रायव्हरच्या हातात पडतो का, हे विचारायचं मी आता शिकले आहे.) क्रूच्या संघटनांनी कंपनीला तेच सांगावं, की हॉटेलशी करार करताना दर फेरीमागे ड्रायव्हरचा भत्ता त्यात लिहा आणि तो त्याच्यापर्यंत पोचतो हे बघा. तो लिहिला गेला, की सुट्टे डॉलर खुशाल बंद करा. तोपर्यंत मात्र दोन्ही चालू ठेवायचं, हातावर डॉलर आणि वर अर्ज.

एवढं सगळं ऐकून भाची म्हणाली, ‘आत्या, मी देतेच गं.’ मी विचारलं, ‘अमेरिकेत देतेस. आणि मुंबईत रात्री दोन वाजता तुला घरून विमानतळावर नेणारा ड्रायव्हर?’ ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘दिवाळीला मिठाईचा बॉक्स देते.’

दिवाळीची पोस्त! वर्षातून एकदा. तिकडे रिवाज आहे म्हणून हात खिशात जातो, इकडे कुणी मागत नाही म्हणून जात नाही. म्हणजे आपण देतो ते माणूस बघून नव्हे, लोक काय म्हणतील ते बघून.

भाऊ अजून माझ्याशी सहमत नाही. पण जाताना स्टेशनवर सोडायला आलेल्या रिक्षावाल्याला त्याने वरचे वीस रुपये परत मागितले नाहीत, हे मी पाहिलंय. त्याला सांगू नका.