रुमालाखालचा भाव आणि पेटीतले गुपित

१/ खानदेशातील जुन्या कापूसपेठांत शेतकऱ्याची गाडी उभी राहिली की दलाल आणि खरेदीदार एकमेकांचे हात रुमालाखाली घेत. बोटे दाबून भाव ठरे. या रीतीला ‘हत्ता’ म्हणत. कापूस शेतकऱ्याचा, वर्षाचे कष्टही त्याचेच. पण त्या मालाची बोली त्याच्या डोळ्यांदेखत, त्याला न कळणाऱ्या भाषेत होई. कूटलेखन यंत्रांच्या शतकभराच्या इतिहासाकडे पाहताना हा रुमाल लक्षात ठेवावा.

२/ प्रत्येक सांकेतिक भाषेविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात. हे गुपित कोणापासून राखले जात आहे? आणि ज्याचा माल पणाला लागला आहे, त्याला त्या गुपिताची तपासणी करता येते का? जळगाव-धुळ्याच्या कापसाने हे प्रश्न फार लवकर उभे केले. त्यांचे उत्तरही खानदेशातच सापडते.

३/ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि लँकेशरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत पोचली आणि जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून वाढू लागले. खानदेशातल्या गाठी मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागल्या आणि तिथला भाव इथल्या गाडीवानाच्या नशिबाला जोडला गेला.

४/ हा भाव येई तारेने. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून हिंदुस्थान-युरोप तारसंबंध सुरू झाला. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे थेट इंग्लंडशी जोडली गेली. पत्राला आठवडे लागत, तिथे बातमी काही तासांत येऊ लागली. मात्र परदेशी तार अतिशय महाग होती. शब्द वाचवणे म्हणजे पैसा वाचवणे, हे व्यापाऱ्याने ताबडतोब ओळखले.

५/ त्यातून व्यापारी कोडबुके जन्मली. विल्यम क्लॉसन-थ्यू यांचे ‘एबीसी कोड’ १८७० च्या दशकातले. एखाद्या संपूर्ण वाक्याच्या जागी एकच शब्द: अमुक भावाने विका, जहाज सुटले, गाठी ओल्या निघाल्या. कापसाच्या व्यापारासाठी तर स्वतंत्र कोडबुके निघाली. ही पुस्तके छापील होती आणि कोणालाही विकत मिळत. त्यांचा मुख्य हेतू काटकसर हा होता. गुप्तता हा जोडलाभ.

६/ पण हा जोडलाभ कोणाला मिळाला? पुस्तक असलेल्या पेढीला तार म्हणजे उघडी बातमी होती. नांगर धरणाऱ्याला मात्र ना तार परवडे, ना पुस्तक, ना त्याची इंग्रजी. लिव्हरपूलची तेजी पेढीवर आधी कळे आणि शेतकऱ्याला सगळ्यांत शेवटी, बहुधा माल विकून झाल्यावर. एका टोकाला तारेचा कोड, दुसऱ्या टोकाला रुमाल. मधल्या अज्ञानाची किंमत कापूस पिकवणारा मोजत होता.

७/ यावर उपाय निघाला तो कायद्याने. मुंबई इलाख्यात १९२७ साली कापूस बाजार कायदा झाला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. या कायद्याखाली सुरुवातीला नियंत्रित झालेल्या बाजारांत धुळे होते. नियम साधे होते: बोली उघड, वजनकाटे तपासलेले, कपात ठरलेली. शेतकऱ्याला प्रत्येक बोली ऐकू येऊ लागली. पटली नाही तर गाडी परत नेण्याचा निर्णय तो समजून-उमजून घेऊ शकत होता.

८/ धुळ्यात रुमाल बाजूला सारला जात होता, त्याच सुमारास युरोपात गुपित यंत्रात शिरत होते. जर्मन अभियंता आर्थर शेर्बियस याने १९१८ मध्ये फिरत्या चक्रांच्या यंत्राचे पेटंट मागितले. कळ दाबली की वीजप्रवाह चक्रांतल्या तारांमधून वळणे घेत वेगळ्याच अक्षराचा दिवा लावी. प्रत्येक अक्षरानंतर चक्र पुढे सरके, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबले तरी उत्तर बदले. हे यंत्र म्हणजे ‘एनिग्मा’.

९/ १९२३ पासून एनिग्मा उघड बाजारात विक्रीस होते. बँका आणि व्यापारी पेढ्या ते घेतील, अशी अपेक्षा होती. त्यांनी फारसे घेतले नाही. खरे गिऱ्हाईक ठरले ते सैन्य: १९२६ मध्ये जर्मन आरमार, १९२८ मध्ये भूदल. ब्रिटिशांनीही व्यापारी एनिग्माच्याच धर्तीवर ‘टाइपेक्स’ हे आपले यंत्र बनवले. व्यापाऱ्यासाठी बनलेली वस्तू अशा रीतीने युद्धाचे हत्यार झाली.

१०/ यंत्राची रचना शत्रूला कळली, तर सारे संपले का? डच भाषापंडित ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच याचे उत्तर दिले होते. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था टिकली पाहिजे. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. कुलूप कसे बनते हे साऱ्या लोहारांना ठाऊक असते, तरी दार उघडत नाही, तेच चांगले कुलूप. १९३२ मध्ये पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीने गणिताच्या बळावर सैनिकी एनिग्माची अंतर्रचना शोधून काढली, तेव्हा हे तत्त्व कसाला लागले.

११/ दुसरे नाव बोरिस हागेलिन यांचे. त्यांचे हातात मावणारे यंत्र अमेरिकी सैन्याने ‘एम-२०९’ या नावाने घेतले. सुमारे १,४०,००० नग बनले. युद्धानंतर स्वित्झर्लंडमधील त्सुग येथे त्यांची ‘क्रिप्टो एजी’ ही कंपनी उभी राहिली. तटस्थ देश, घड्याळासारखी अचूक कारागिरी, जुने नाव. नवस्वतंत्र देशांना यापेक्षा विश्वासार्ह दुकान कोणते वाटले असते?

१२/ फेब्रुवारी २०२० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ आणि जर्मन दूरचित्रवाहिनी ‘झेडडीएफ’ यांनी पडदा उचलला. १९७० पासून ही कंपनी अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी यांच्या छुप्या मालकीची होती. १२० हून अधिक देशांना यंत्रे विकली गेली. त्यांतील अनेकांत मुद्दाम कच्चे दुवे ठेवलेले होते. जर्मनांनी १९९० च्या दशकात अंग काढून घेतले; सीआयए २०१८ पर्यंत मालक राहिली.

१३/ ग्राहकांच्या यादीत भारत होता आणि पाकिस्तानही. सीमेवर समोरासमोर उभे असलेले दोन देश एकाच दुकानातून कुलूप घेत होते आणि दुकानदाराच्या मालकाकडे दोघांच्याही किल्ल्यांची वाट होती. ‘हत्ता’ पद्धतीचे याहून मोठे रूप शोधून सापडणार नाही: माल आपला, मोल आपण मोजलेले, आणि बोटांची भाषा आपल्याखेरीज भलत्यालाच ठाऊक.

१४/ याची किंमत सामान्य माणसांनीही मोजली. कंपनीचा विक्रेता हान्स ब्यूलर याला १९९२ मध्ये इराणने हेरगिरीच्या संशयावरून पकडले आणि सुमारे नऊ महिने कैदेत ठेवले. यंत्रांतील खोट त्याला माहीतच नव्हती. शंका तेव्हाच उघड झाली होती, तरी अनेक देशांनी खरेदी चालू ठेवली. पेटी उघडून पाहण्याची सवय नसली की भरवशाची जागा नाव आणि शिक्का घेतात.

१५/ आज हा प्रश्न दूतावासांपुरता उरलेला नाही. जळगावचा सराफ सोन्याचा भाव आणि रावेरचा व्यापारी केळीचा सौदा फोनवरच्या संदेशांतून ठरवतो. बहुतेकदा हे संदेश कूटबद्ध असतात. २०१५ मध्ये केंद्राने एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवण्याची त्यातली अट वादग्रस्त ठरली आणि काही दिवसांतच मसुदा मागे घ्यावा लागला. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर मूळ प्रेषक शोधून देण्याची जबाबदारी टाकली.

१६/ यामागची सरकारची चिंता खोटी नाही. अफवेने माणसे मारली जातात. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. ते दुःख बाजूला सारून गोपनीयतेचा पुरस्कार करता येणार नाही. गुन्ह्याचा तपास, साक्षी, स्थानिक पोलिसांची तत्परता आणि अफवेला तत्काळ उत्तर देणारी यंत्रणा यांवर खर्च झालाच पाहिजे.

१७/ पण त्यासाठी साऱ्यांच्या कुलपाला दुसरी किल्ली करणे हा उपाय नव्हे. त्सुगची कथा सांगते की अशी वाट एकदा ठेवली की ती कोण वापरतो, हे कुलपाच्या धन्याला कळत नाही. आज आपल्या सरकारसाठी केलेली फट उद्या परक्या हेराला किंवा बँक खाते लुटणाऱ्या भामट्याला सापडू शकते. गणिताला देशभक्त आणि चोर यांतला फरक समजत नाही.

१८/ याउलट वाटही जगाने पाहिली आहे. अमेरिकेने १९९७ मध्ये नव्या कूटलेखन मानकासाठी खुली स्पर्धा लावली. जगभरातील तज्ज्ञांनी एकमेकांच्या रचना फोडून पाहिल्या आणि शेवटी बेल्जियमच्या दोन संशोधकांची रचना निवडली गेली. २००१ मध्ये ती ‘एईएस’ नावाने मानक झाली. तिची प्रत्येक पायरी छापील आहे, गुप्त आहे ती फक्त किल्ली. आजचे बँक व्यवहार मोठ्या प्रमाणावर याच उघड पद्धतीवर चालतात.

१९/ म्हणून मागणी दुहेरी असावी. सरकारी कार्यालये, सैन्य आणि बँका यांसाठी घेतलेले प्रत्येक कूटयंत्र व त्याची प्रणाली देशातील स्वतंत्र तज्ज्ञांना उघडून तपासता आली पाहिजे. नाव आणि शिक्का पुरेसा मानू नये. आणि नागरिकाच्या संदेशाला मुद्दाम दुबळे करणारा नियम करू नये. धुळ्याच्या बाजारात शेतकऱ्याच्या हाती अधिकार आला तो बोली उघड झाल्यावर, आणि त्याच्या घरची तिजोरी मात्र त्याचीच राहिली. पद्धत उघडी, किल्ली धन्याची, एवढाच नियम आजच्या यंत्रांनाही लावायचा आहे.