घर पाडावे की सावरावे?

नेसरीसारख्या गावी जुन्या कौलारू घराची भिंत फुगली की घरात दोन पक्ष पडतात. तरुणांस स्लॅबचे घर हवे असते. वडीलधाऱ्यांचा जीव जुन्या तुळयांत गुंतलेला असतो. हौस बोलते, माया बोलते. भिंतीची परीक्षा मात्र कोणी करीत नाही.

ती न केल्याचे मोल महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस मोजले. दगडमातीच्या जाड भिंती झोपेतल्या हजारो माणसांवर कोसळल्या. दोष निव्वळ जुनेपणाचा नव्हता. भिंतीचे दोन थर सांधणारे आरपार दगड नव्हते आणि वर मातीच्या धाब्याचा भार होता. म्हणूनच पुढे शासनाने नवी घरे उभारली, तशीच तडे गेलेल्या घरांच्या मजबुतीकरणाची योजनाही राबविली. १९६७ चा कोयनेचा धक्का सोसलेल्या आपल्या भागाने हा धडा विसरता कामा नये.

पाया खचला असेल, भिंत ओळंब्याबाहेर गेली असेल, वाळवीने तुळया पोकळ केल्या असतील, तर मायेस आवर घालून घर उतरवावे. धड लाकूड व कौले नव्या घरास लावावीत. दोष कौलांत वा गिलाव्यात असेल, तर कर्ज काढून घर पाडणे हा शहाणपणा नव्हे.

गरिबास अभियंता परवडत नाही. तेव्हा पावसाळ्यापूर्वी अशा घरांची विनामूल्य तपासणी ग्रामपंचायत व पंचायत समितीने करवून घ्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. भिंत पडल्यावर होणाऱ्या पंचनाम्याने कोणाचा जीव परत येत नाही!