विष, स्नायू आणि स्वर

कावेरीतीरी तिरुवैयारु येथे त्यागराजांची समाधी आहे. १८४७ साली ते निवर्तले. दर वर्षी पौष वद्य पंचमीस गायक-वादक तेथे जमून त्यांच्या कृती एकमुखाने गातात. अशा एखाद्या गायकाचा आवाज बोलताना, क्वचित गातानाही, मध्येच तुटू लागला, तर दोष रियाजाला दिला जातो. परंतु कधी कधी स्वरयंत्राचे स्नायूच इच्छेविरुद्ध आकसत असतात. हा आळस नव्हे, व्याधी होय.

तीवर बोट्युलिनम विषाचे इंजेक्शन देतात. १८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी खारवलेले मांस खाऊन एका वाद्यवृंदातील तिघे दगावले. त्या मांसातच व्हान एर्मेंगेम यांना या विषाचा जीवाणू सापडला. हे विष चेतातंतूच्या टोकाशी स्नायूला आज्ञा पोचवणारे अ‍ॅसेटिलकोलीन द्रव्य बाहेर पडू देत नाही. त्यामुळे स्नायू सैलावतो, आणि साधारणतः तीन-चार महिन्यांनी पूर्ववत होतो.

मात्र विष टोचल्या जागीच थांबेल असे नाही. मात्रा किंवा द्रव अधिक झाल्यास ते शेजारच्या स्नायूंत झिरपते. मग आवाज हवेने भरतो, पाणी पितानाही ठसका लागतो. म्हणून हे काम स्वरयंत्राच्या जाणकार वैद्याचेच आहे. रोग्याला उपचाराचे गुण सांगावेत, तशा त्याच्या मर्यादाही सांगाव्यात. आणि गुरुजनांनी, तुटलेल्या स्वराला बोल लावण्यापूर्वी, शिष्याला वैद्याकडे पाठवावे.