कच्चा लिंबूचं गणित

सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला हा नियम पाठ असतो. कुणाचा तरी धाकटा भाऊ हट्ट धरतो, 'मला पण घ्या!' मग तो होतो कच्चा लिंबू. पहिल्या बॉलला आउट झाला तरी पुन्हा बॅटिंग. त्याला खेळायला मिळतं, पण त्याचं खेळणं मोजलं जात नाही. सगळे खूश, फक्त तो धाकटा सोडून. कारण त्यालाही कळतं की आपण नावालाच टीममध्ये आहोत.

या कच्च्या लिंबूला खरोखर मोजायचं ठरवलं तर? एक खेळ हे शंभरहून जास्त वर्षं करतोय. गोल्फ. आता लगेच पान उलटू नका. आपल्या उपनगरांत 'गोल्फ' म्हटलं की वरळी कोळीवाड्यातली गोलफादेवी आठवणारेच जास्त, आणि तिचा या खेळाशी काडीचाही संबंध नाही. पण घाटकोपरच्या शेजारी, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून उभा आहे. त्याच्या भिंतीबाहेरून आपण रोज जातो. आत काय चालतं, ते एकदा समजून घ्या. त्यातला एक फंडा आपल्याला फार उपयोगाचा आहे.

तो फंडा म्हणजे हँडिकॅप. सोप्या भाषेत, तुम्हाला मिळणारी फटक्यांची सूट. समजा, मुलुंडची एक मुलगी नवीन आहे, तिचा हँडिकॅप २८. अंधेरीचे एक काका वीस वर्षं खेळतायत, त्यांचा १०. तिने १०० फटके मारले, काकांनी ८४. सूट वजा केली तर ती ७२ वर, काका ७४ वर. मुलगी जिंकली. आणि हा कच्चा लिंबू नाही बरं का, तिचा प्रत्येक फटका मोजलेला आहे.

हा आकडा कुणाच्या मर्जीने ठरत नाही. पूर्वी जगात यासाठी सहा वेगवेगळ्या पद्धती होत्या, २०२० मध्ये त्या एकत्र आल्या. आता तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या ८ घेतात आणि त्यांची सरासरी काढतात. मैदान किती अवघड आहे, याचाही हिशेब होतो. प्रत्येक मैदानाला 'स्लोप' नावाचा आकडा असतो, ५५ ते १५५ मधला, आणि ११३ म्हणजे मध्यम. सीईटीच्या वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर सारखे नसतात म्हणून पर्सेंटाइल काढतात ना, तसंच काहीसं.

इथे थांबा. २० पैकी ८. म्हणजे हँडिकॅप तुमची सरासरी सांगत नाही, तुमच्या चांगल्या दिवशी तुम्ही काय करू शकता ते सांगतो. त्यामुळे बहुतेक दिवशी माणूस आपल्या हँडिकॅपपेक्षा वाईटच खेळतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नसतं. बारा वाईट दिवस माफ. आपल्या मार्कशीटला हे कधी सुचेल?

आता खरी गंमत फॉरमॅटची. खेळाडू तोच, मैदान तेच, पण मोजायची पद्धत बदलली की निकाल बदलतो.

स्ट्रोक प्लेमध्ये सगळे फटके मोजतात. एका होलवर बॉल तीनदा पाण्यात गेला की दिवस संपला. नवख्यासाठी हा फॉरमॅट निर्दय. यावर डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड या इंग्लंडमधल्या गोल्फवेड्या डॉक्टरने तोडगा काढला. १९३२ मध्ये वॉलसी क्लबवर त्याची पद्धत खेळली गेली. होलप्रमाणे गुण द्यायचे: सूट धरून पार केला तर २, एक फटका जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३. दोन किंवा त्याहून जास्त फटके वर गेले तर शून्य. बॉल उचला, पुढे चला. एका होलची माती पुढच्या होलला लागत नाही.

पण मग स्टेबलफोर्ड खेळणाऱ्याचा हँडिकॅप फुकटात चांगला दिसत असेल? नाही. कारण हँडिकॅप काढताना स्ट्रोक प्लेवाल्यालाही तीच मर्यादा लावतात. पार चारचा होल आणि एका फटक्याची सूट असेल, तर तुम्ही ११ मारा की १५, नोंदीत ७ च लागतात. हे ७ म्हणजे स्टेबलफोर्डमधला शून्य. म्हणजे कुठल्याही पद्धतीने खेळा, तुमची एक मोठी चूक तुमची ओळख ठरत नाही. मला या खेळातली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

मॅच प्लेमध्ये समोरासमोर होल जिंकायचे. वरची मुलगी आणि काका भिडले तर फरक १८, म्हणजे तिला प्रत्येक होलला एक फटका माफ. पूर्ण सूट. पण एकेकट्या स्ट्रोक प्ले स्पर्धेत शिफारस ९५ टक्क्यांची आहे. तिचे २८ होतात २७, काकांचे १० च राहतात. आणि दोघादोघांच्या फोरबॉल स्ट्रोक प्लेमध्ये ८५ टक्के: तिचे २४, काकांचे ९. अन्याय? नाही. फोरबॉलमध्ये जोडीतल्या ज्याचा स्कोअर चांगला तोच धरतात. नवख्याचा खेळ वरखाली होतो, त्यामुळे त्याचा एखादा भन्नाट होल जोडीला फळतो आणि वाईट होल जोडीदार झाकतो. म्हणून सूट कापायची. लक्षात घ्या, ही कपात त्या दिवसापुरती. मूळ हँडिकॅपला कुणी हात लावत नाही. आणि सगळे मिळून एकाच चांगल्या बॉलवरून खेळतात ते स्क्रॅम्बल तर हँडिकॅपमध्ये मोजतच नाहीत. ग्रुप प्रोजेक्टचे मार्क वैयक्तिक गुणपत्रिकेत नकोत, इतकं साधं.

लबाडी होते का? होणारच. मुद्दाम वाईट खेळून हँडिकॅप फुगवायचा आणि मोठ्या स्पर्धेत चमकायचं, हा जुना धंदा आहे. त्यावर लगाम आहे. वर्षभरातल्या तुमच्या सर्वांत कमी आकड्याच्या वर हँडिकॅप ५ पेक्षा जास्त चढू शकत नाही, आणि अचानक ७ फटक्यांनी सरस खेळलात तर आकडा लगेच खाली आणतात. बाकी सगळं प्रत्येक फेरी नोंदवण्यावर, म्हणजे विश्वासावर.

इतकं न्याय्य गणित. मग माझं भांडण कशाशी? दाराशी. हँडिकॅप मिळवायला ५४ होलचे स्कोअर पुरतात, आणि आता कमाल मर्यादा ५४ असल्याने अगदी नवखाही त्यात बसतो. पण आपल्याकडे तो साधारणपणे संलग्न क्लबामार्फतच मिळतो, आणि मुंबईत क्लबाचं सदस्यत्व म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. दुबळ्या खेळाडूला बरोबरीला आणणारा नियम बरोबरीला आलेल्यांनाच उपलब्ध. इंग्लंडने २०२१ मध्ये क्लबबाहेरच्या खेळाडूंसाठी वेगळी हँडिकॅप योजना काढली. आपल्याकडे सिडकोचं खारघरचं मैदान सदस्य नसलेल्यांनाही फी भरून खेळू देतं. तिथे येणाऱ्या कॉलेजच्या पोरांना, आणि क्लबांत दुसऱ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडींना, स्वस्तात अधिकृत हँडिकॅप का मिळू नये? दिल्लीचा अली शेर कॅडीच होता. १९९१ मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली, तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय व्यावसायिक. भिंतीच्या आत किती अली शेर बॅगा उचलतायत, हे कळायचं तर आधी त्यांचे स्कोअर लिहायला हवेत.

आणि गोल्फ तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर फंडा तरी उचला. कॉलेज फेस्टची कॅरम लीग असो की टर्फवरचं बॉक्स क्रिकेट, नवख्यांना 'तुम्ही फक्त टाळ्या वाजवा' म्हणण्याऐवजी गेल्या वर्षीचे स्कोअर काढा, प्रत्येकाला सूट ठरवून द्या आणि फॉरमॅट आधीच जाहीर करा. पहिल्या वर्षी भांडणं होतील, ती होऊ द्या. हक्काने भांडायला मिळतं, म्हणजे तो कच्चा लिंबू राहिला नाही.